टाचणातील पाठ व वर्गातील पाठ

अध्यापनाची पदवी मिळविणे निराळे आणि शिक्षक होणे निराळे, ही गोष्ट शिक्षणशास्त्राच्या महाविद्यालयातील तरुणांस फार लवकर उमगते. ती उमगते मात्र व्याख्यानगृहात नव्हे, तर मेढ्यासारख्या गावच्या शाळेत, फळ्यापुढे एकटे उभे राहिल्यावर.

मेढा हे जावळी तालुक्याचे मुख्य गाव. महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावलेली वेण्णा येथून वाहत जाऊन माहुलीस कृष्णेला मिळते. भोवताली डोंगरउतार, भाताची खाचरे आणि चार महिने धो धो पाऊस. ज्या साताऱ्याचा हा मुलूख, त्या जिल्ह्याचे शिक्षक घडविण्याच्या कामी नाव जुने आहे. मुलींना शिकविण्याआधी स्वतः अध्यापनाचे शिक्षण घेणाऱ्या सावित्रीबाई फुले याच जिल्ह्यातील नायगावच्या. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९३५ साली साताऱ्यास प्राथमिक शिक्षकांसाठी सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज काढले. पुढे १९५५ साली त्यांच्या रयत शिक्षण संस्थेने पदवीधरांसाठी आझाद कॉलेज ऑफ एज्युकेशन स्थापन केले.

२०१५ सालापासून बी.एड.चा अभ्यासक्रम दोन वर्षांचा झाला असून त्यांपैकी किमान वीस आठवडे शाळेत घालवावे लागतात. तत्पूर्वी होते ते सूक्ष्म अध्यापन. पाठ पाच-सहा मिनिटांचा, आणि समोर विद्यार्थी म्हणून बसलेले सहाध्यायीच. प्रश्न कसा विचारावा, फळ्यावर कसे लिहावे, उदाहरण कोणते द्यावे, असे एकेक कौशल्य घोटून घेतात. उणीव दाखवितात आणि पाठ पुन्हा घ्यावयास लावतात. ही तालीम उपयोगाची खरी. परंतु सहाध्यायी मोठे समजूतदार असतात. ते हवे तेच उत्तर देतात.

मग येते पाठाचे टाचण. प्रस्तावना, हेतुकथन, विषयप्रतिपादन, संकलन, उपयोजन ही त्याची पायरी-पायरीची रचना. जर्मन तत्त्वज्ञ हर्बार्ट याच्या अनुयायांनी घालून दिलेल्या पंचपदीचा ठसा तीवर अद्याप स्पष्ट दिसतो. एका बाजूस शिक्षकाचा प्रश्न, दुसऱ्या बाजूस मुलाचे अपेक्षित उत्तर. सारी गोम या ‘अपेक्षित’ शब्दात आहे.

समजा, जमिनीच्या धुपीवर पाठ आहे. ‘जोराच्या पावसाने जमिनीचे काय होते?’ हा प्रश्न, आणि ‘जमिनीची धूप होते’ हे टाचणातील उत्तर. मेढ्याच्या वर्गात एखादा मुलगा म्हणेल, ‘बांध फुटतो, गुरुजी, आणि खालच्या खाचरात गाळ बसतो.’ दुसऱ्याला ‘धूप’ म्हणजे देवापुढे जाळतात तेवढाच ठाऊक असेल. नवखा शिक्षक येथे गडबडतो. मागच्या बाकावर निरीक्षक वही उघडून बसलेले. घड्याळ पुढे सरकते आहे. ‘बस खाली’ म्हणून तो दुसऱ्याकडे वळतो, आणि हवा तो शब्द मिळेपर्यंत वळतच राहतो. वस्तुतः धूप म्हणजे काय हे पहिल्या मुलाने डोळ्यांनी पाहिलेले असते. उणीव असते ती केवळ नावाची. त्याच्या बांधावरून सुरुवात केली असती, तर अर्धा पाठ त्यानेच शिकविला असता.

अंतिम परीक्षेच्या पाठास तर याहून मोठा मोह असतो. तोच पाठ आदल्या दिवशी त्याच वर्गावर घेऊन ठेवावा, म्हणजे दुसऱ्या दिवशी परीक्षकांपुढे उत्तरे पटापट येतात. गुण मिळतात; परंतु शिकविण्याचे ढोंगही करता येते, एवढा एकच धडा चाळीस मुले त्या दिवशी शिकतात. तो धडा पुसावयास पुढे वर्षे लागतात.

दोष एकट्या तरुणांच्या माथी मारणे न्याय्य होणार नाही. परीक्षक बिनचूक उत्तरे मोजतील, तर विद्यार्थी बिनचूक उत्तरेच उभी करतील. त्याऐवजी पाठ संपल्यावर ‘आज कोणते उत्तर अनपेक्षित आले, आणि आपण त्याचे काय केले?’ असा एक प्रश्न विचारला जावा, आणि त्यास गुण असावेत. मग टाचणाच्या कोऱ्या समासालाही किंमत येईल. घरोघरीच्या पालकांनीही मुलाला ‘आज उत्तर बरोबर आले का?’ एवढेच न विचारता, ‘चुकले तेव्हा गुरुजींनी काय केले?’ असे विचारून पाहावे. चांगल्या शिक्षकाची पारख त्या उत्तरात होते.