पुष्पचक्र वाहून झाल्यावर

(रायगड किनाऱ्यावरील महिला गटांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



दरवर्षी ११ सप्टेंबरला वनशहीद दिन पाळतात. १७३० साली राजस्थानात खेजडली गावी झाडे वाचवताना ३६३ बिश्नोई माणसे मारली गेली. त्यांत पहिली अमृतादेवी. म्हणजे ही यादी सुरूच होते एका बाईच्या नावाने.

आपल्या महाराष्ट्रात २० नोव्हेंबर २०२१ रोजी वनरक्षक स्वाती ढुमणे ताडोब्याच्या कोलारा भागात व्याघ्रगणनेसाठी पायी निघाल्या होत्या. सोबत तीन वनमजूर. पुढे रस्त्यावर वाघीण दिसली. त्या थांबल्या, मग झाडीतून वळसा घेऊ लागल्या. तिथेच वाघिणीने त्यांना गाठले. पुढे त्यांच्या पतीला वनखात्यात नोकरी देण्याचे जाहीर झाले. ते योग्यच होते.

पण माझा प्रश्न वेगळा आहे. बाई गेली, नोकरी नवऱ्याला, यात कुणाला काही खटकत नाही. मग नवरा गेला की बायकोलाच का सांगतात, "तू कशाला बाहेर पडतेस? मुलगा अठराचा झाला की तोच लागेल"? तोवर दहा-बारा वर्षे तिने कुणाच्या तोंडाकडे बघायचे? अनुकंपा नोकरीच्या नियमात पत्नीला स्थान आहे. मात्र घरातल्या इतर वारसांचे ना हरकत पत्र लागते आणि नेमकी तिथे अडवणूक होते. "सही देतो, पण पगार आमच्या हातात दे." सरकार म्हणते कुटुंबाला मदत दिली. पण कुटुंब म्हणजे एक माणूस नव्हे. पैसा घरात आला म्हणजे तिच्यापर्यंत पोचला, असे होत नाही.

आता आपल्याकडचे बघू. इथे वाघाचे भय नाही. पण फणसाडच्या रानात बिबट्या आहे आणि उन्हाळ्यात डोंगरांना वणवे लागतात. ते विझवायला वनरक्षकाबरोबर रोजंदारीचा वनमजूरही धावतो. अशाच एका मजुराच्या घरी मी जात असे. वणवा विझवताना तो कड्यावरून घसरला, कमरेखालचे अंग गेले. मरण आले असते तर पुष्पचक्र आले असते. जखमी माणसाला ते नसते. त्याची बायको मासळी विकायला जायची, ते सुटले. त्याला कूस बदलून देणे, धुणेपुसणे, दवाखाना, सगळे तिच्यावर. एकदा म्हणाली, "ताई, लोक विचारतात, ते कसे आहेत? मला कुणी विचारत नाही, तू जेवलीस का." भरपाईचा अर्ज करायचा असतो, हे तिला वर्षभर कुणी सांगितले नव्हते. कामावर झालेल्या अपघाताची भरपाई हा रोजंदारी मजुराचाही हक्क आहे, १९२३ च्या कायद्यापासून आहे. पण हजेरीपटावर नाव नसेल तर तो सिद्ध करताना दमछाक होते.

म्हणून आपल्या गटांनी काय करावे?

भेटायला तेराव्यानंतर जा. तेव्हा गर्दी ओसरलेली असते आणि कागद सुरू झालेले असतात. तिच्याशी एकटीशी बोला, दीर-सासऱ्यांसमोर नको. वाचून घेतल्याशिवाय कशावरही अंगठा किंवा सही नको, हे तिला पहिल्याच भेटीत सांगा. तिच्या एकटीच्या नावाचे बँक खाते आहे का, ते बघा. पंचनामा, दवाखान्याचे कागद, हजेरीचा पुरावा यांच्या प्रती गटाकडे ठेवा. जखमी माणसाच्या घरी आठवड्यातून एक दिवस आळीपाळीने बसा, म्हणजे तिला बाजाराला जाता येईल.

आणि हे अपघात होण्याआधीच सुरू करा. तुमच्या गावातल्या वनरक्षकाच्या, वनमजुराच्या बायकोला विचारा, नवऱ्याच्या कागदांवर नामनिर्देशन कुणाचे आहे? लग्नानंतर ते बदलले का? बहुतेकींना माहीत नसते. ते अपशकुनी बोलणे वाटते. पण न बोलण्याची किंमत पुढे तिलाच मोजावी लागते.

हुतात्म्याची बायको म्हणून तिला वर्षातून एकदा व्यासपीठावर बसवतात. उरलेले दिवस ती कुठे बसते, हे आपण बघायचे.