निवृत्तीनंतरचे फिरते घर

आषाढीच्या वारीत लोणंद-फलटणच्या रस्त्याने माउलींची पालखी जाते, तेव्हा दिंड्यांबरोबर चालणारे ट्रक आपण पाहतो. ट्रकात शिधा, भांडीकुंडी, तंबू, अंथरूण-पांघरूण असा सगळा संसार असतो. त्याआधी हेच काम बैलगाडीने केले. तेव्हा संसार चाकांवर घालून बाहेर पडणे आपल्याला काही नवे नाही. आता शहरांतून 'कॅम्पर व्हॅन' म्हणून जी गाडी ऐकू येते, ती याच कुळातली. आत दोन माणसांना निजायची सोय, छोटी शेगडी, पाण्याची टाकी. जिथे रात्र पडेल तिथे मुक्काम. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली अशा पर्यटनासाठी धोरणही जाहीर केले.

नवी गाडी निवृत्त शिक्षकाच्या आवाक्यातली नव्हे. म्हणून मन जुन्या गाडीकडे वळते. आणि धोकाही तिथेच आहे. कारण एका सहीने जन्माची पुंजी जाऊ शकते.

वाई तालुक्यातले आमचे एक गुरुजी. छत्तीस वर्षे नोकरी केली, पण पंढरपूर आणि नरसोबाची वाडी सोडली तर बाईंना घेऊन कुठे जाणे झाले नाही. निवृत्तीचे पैसे हाती आले, तसे त्यांनी सांगलीत एक जुनी प्रवासी गाडी पाहिली. तेरा माणसांची, रंग झकास, गाद्या नव्या, आणि किंमत बाजारभावापेक्षा पुष्कळ कमी. मला म्हणाले, "सर, विसार द्यायला जायचंय, बरोबर चला." मी ओळखीचे एक मिस्त्री बरोबर घेतले.

मिस्त्रींनी रंगाकडे पाहिलेच नाही. त्यांनी सीटचा पट्टा धरला आणि शेवटच्या टोकापर्यंत ओढून काढला. आतल्या बाजूला वाळलेल्या गाळाची पिवळट रेघ होती. मग पायाखालची चटई उचलली, सीटखालचे बोल्ट दाखवले. ते गंजलेले. मिस्त्री हळूच म्हणाले, "गुरुजी, ही गाडी कृष्णेत बुडून आलीया."

श्रोतेहो, कृष्णाकाठच्या माणसाला हे वेगळे सांगायला नको. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेले. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला. माणसांची घरे गेली, तशा दारातल्या गाड्याही पाण्याखाली गेल्या. त्यांतल्या काही नीट दुरुस्त झाल्या, हे खरे. पण पाणी शिरलेल्या गाडीच्या तारा आतून कुजत राहतात, आणि दोन-तीन वर्षांनी एखाद्या घाटात, रात्री, दिवे जातात. म्हणून गाडी कशी दिसते यापेक्षा ती कुठे-कुठे होती, हे आधी विचारावे. सीटचे पट्टे, चटईखालचा पत्रा, दिव्यांच्या काचेआड साचलेला दमटपणा आणि कोंदट वास या चार गोष्टी कुणालाही तपासता येतात. टायरवर चार आकडे एकत्र कोरलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१९ असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. नक्षी शाबूत दिसली, तरी रबर म्हातारे झालेले असते. आणि गाडी सपाटीवर चालवून पाहू नये. माणसे बसवून पसरणीचा घाट चढून उतरावा. चढताना इंजिन किती तापते आणि उतरताना ब्रेक कसे धरतात, ते तिथे कळते.

आता कागदाचे बोलू. जमीन घेताना आपण सात-बारावरचा बोजा पाहतो. तसाच कर्जाचा बोजा गाडीच्या नोंदणी पुस्तकावरही असतो. तो उतरल्याशिवाय पैसे देऊ नयेत. इंजिनचा व चासीचा नंबर पुस्तकाशी स्वतः ताडून पाहावा. कर, विमा आणि राहिलेले दंड पाहावेत. पिवळ्या पाटीची गाडी भाड्याच्या धंद्यातली असते. ती घरची म्हणून वापरायची, तर नोंदणीचा प्रकार बदलून घ्यावा लागतो. नाव बदलण्यासाठी नमुना २९ आणि ३० भरायचे असतात. राज्यातल्या राज्यात विक्री असेल, तर विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचे असते. विमा आपल्या नावावर करण्याचा अर्जही चौदा दिवसांत द्यावा. "नाव मागाहून करू" हे वाक्य ज्याने ऐकले, त्याने उठावे.

आणखी एक. गाडी घेतली आणि गावच्या सुताराकडून पलंग-कपाटे ठोकून घेतली, असे करता येत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८, याच्या कलम ५२ प्रमाणे मूळ रचनेत बदल करायचा तर आधी परवानगी लागते. ती नसेल, तर अपघातानंतर विम्याच्या दाव्यात अडचण येऊ शकते. आणि बंद गाडीत शेगडी किंवा इंजिन चालू ठेवून कधीही झोपू नये. त्या विषारी वायूला ना रंग, ना वास.

आमच्या गुरुजींचे पुढे काय झाले? विसार वाचला, पण गुरुजी हिरमुसले. मग बाईच म्हणाल्या, "अहो, आधी चार दिवस भाड्यानं घेऊन बघू की." तसे केले. सज्जनगड, औंधचे संग्रहालय, औदुंबर असा फेरा झाला. त्या चार दिवसांत जे कळले, ते कुठल्याच दुकानदाराने सांगितले नसते. गाडीची पायरी इतकी उंच, की गुडघेदुखीच्या बाईंना दर वेळी गुरुजींचा हात धरून चढावे लागे. रात्री उठण्याची पंचाईत निराळीच. शेगडी एकदाही पेटली नाही. जेवण वाटेवरच्या खाणावळीतच झाले.

शेवटी गुरुजींनी ठेंगणी, सात माणसांची एक जुनी गाडी घेतली. ती साताऱ्यातच एका हाती वापरलेली होती, आणि तिच्या दुरुस्तीच्या पावत्या लावून ठेवलेल्या होत्या. मुक्काम भक्तनिवासात किंवा जुन्या विद्यार्थ्याच्या घरी. पुंजीतला चौथा हिस्साही गेला नाही. उरलेली रक्कम आजारपणासाठी बँकेत आहे.

परवा भेटले तेव्हा मी विचारले, "गुरुजी, फिरते घर राहूनच गेले की!" ते म्हणाले, "घर आहे वाईला. आम्हाला फिरायचं होतं." गाडी घेण्यापूर्वी हा भेद ज्याच्या ध्यानात आला, त्याची फसवणूक होण्याचा संभव कमी. आणि पायरी किती उंच चालेल, हे घरातल्या बाईमाणसाला विसार देण्यापूर्वी विचारावे, इतकेच माझे सांगणे आहे.