तुमच्याकडं नवीन काय?

ताईंनो, काकूंनो, आणि भांडी घासता घासता रेडिओ ऐकणाऱ्या माझ्या वहिनींनो! मी माण तालुक्यात बचत गटांची समन्वयक म्हणून काम करते. या गावातून त्या गावात बैठकांना जायचं, वह्या तपासायच्या, बँकेची कागदं पुरी करायची, हे माझं रोजचं. आज मात्र हप्ता, व्याज, थकबाकी यातलं काही काढणार नाही. आज ख्यालीखुशाली.

कुठल्याही बाईला विचारा, "काय गं, घरी नवीन काय?" उत्तर ठरलेलं, "काय न्हाय, तेच आपलं." हेच एखाद्या गडीमाणसाला विचारून बघा. बोअरला किती फुटांवर पाणी लागलं, मोटार कितीची बसवली, शेजाऱ्याचं बोअर कसं कोरडं गेलं, सगळं सांगून चहा संपेपर्यंत बोलेल. आपल्या घरात मात्र काही घडतच नाही जणू!

आपल्या गटांची दशसूत्री तुम्हाला पाठ आहे. बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशेब ही पहिली पाच. मग आरोग्य, शिक्षण, पंचायतीतला सहभाग, शासकीय योजना आणि शाश्वत उपजीविका. दहाही सूत्रं चांगली. पण "तू कशी आहेस?" हा प्रश्न त्यात आपल्यालाच घालावा लागतो. म्हणून गेल्या वर्षीपासून आमच्या काही गटांत शेवटची १० मिनिटं वेगळी ठेवली. वही मिटायची, पेटीला कुलूप लावायचं, आणि प्रत्येकीनं एक गोष्ट सांगायची. घरात काय बदललं, किंवा स्वतःच्या आवडीचं काय केलं.

पहिल्या दोन बैठकांत सगळ्या नुसत्या हसल्या. तिसऱ्या बैठकीत एक काकू म्हणाल्या, "मी ओटा करून घेतला." बस, मग काय! कडाप्प्याचा का ग्रॅनाइटचा, खर्च किती आला, गवंडी कुठला, प्रश्नच प्रश्न. काकूंचे गुडघे धरले होते. चुलीपुढं बसलं की उठताना भिंत धरावी लागायची. गवंडी त्याच्या नेहमीच्या मापानं ओटा बांधायला निघाला, तर काकूंनी त्याला थांबवलं. स्वतः उभ्या राहिल्या, हात कोपरात दुमडला आणि कोपराच्या चार बोटं खाली खडूनं रेघ मारली. "हितवर बांध. सैपाक मला करायचाय." त्या बैठकीनंतर आणखी दोघींनी आपापल्या ओट्याचं माप असंच काढलं.

आता छंदाचं. हा शब्द काढला की बाया लाजतात. "आम्हाला कसला आलाय छंद?" आणि गोधडी? जुनी नऊवारी अंथरायची, आत जुन्या कापडांचे थर लावायचे, काठापासून धावदोरा घालत आत आत यायचं. एका आजीनं दुपारची झोप मोडून नातीसाठी गोधडी शिवली. त्यात आजोबांच्या सदऱ्याचा तुकडा, लेकीच्या शाळेच्या झग्याचा तुकडा. बैठकीत उलगडल्यावर साऱ्या बघत राहिल्या. आणि लगेच एकजण म्हणाली, "आजी, विका की! प्रदर्शनात चांगली किंमत येईल."

आजी म्हणाल्या, "बाई, विकायची म्हटलं की टाकं मोजावं लागत्यात. मला मोजायचं न्हाय."

मैत्रिणींनो, मी व्यवसाय वाढवायला सांगणारी बाई. शेवया, पापड, चटण्या, शिवणकाम, बायांनी चार पैसे मिळवावेत म्हणूनच गावोगाव फिरते. तरी आजींचं मला पटलं. हाताला येतं ते सगळं बाजारात नेलंच पाहिजे असं नाही. एखादी गोष्ट आपल्या जिवाच्या करमणुकीला राहू दे. कुणी रांगोळी काढेल, कुणी परसात गुलाबाचं कलम लावेल, कुणी आईच्या जात्यावरच्या ओव्या फोनमध्ये भरून ठेवेल. त्याचा नफा विचारू नका.

माझंही सांगते, नाहीतर म्हणाल दुसऱ्यांचंच सांगते. बीए झाल्यावर माझं वाचन सुटलं होतं. यंदा खिडकीपाशी एक फळी ठोकून घेतली. त्यावर पाच-सहा पुस्तकं, माझा चष्मा, आणि वर एक बल्ब. रात्री सगळं आवरलं की २० मिनिटं ती जागा माझी. सासूबाई आधी म्हणाल्या, "फळीवर डबं बसलं असतं." आता त्याच शेजारी बसतात आणि म्हणतात, "मोठ्यानं वाच, मलाबी ऐकू दे."

आता जरा जपून ऐकण्यासारखं. एक वहिनी, नेहमीच्या "काय न्हाय" म्हणणाऱ्या. एका बैठकीत हळूच बोलल्या, "मागं एक खोली काढली." कर्ज गटाचं, हप्ता त्यांच्या शेळ्यांच्या पैशातला. नवरा गलाईच्या कामाला परराज्यात. शेजारची सहज बोलून गेली, "घर कुणाच्या नावावर हाय?" वहिनी गप्प झाल्या. घर नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर होतं.

ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर घराची नोंद नवरा-बायको दोघांच्या नावानं करता येते. दोघांनी मिळून अर्ज द्यायचा. नमुना ८ हा घरपट्टीच्या आकारणीचा उतारा आहे. एवढ्या एका कागदावर मालकी सिद्ध होत नाही, हे ध्यानात ठेवा. पण गावच्या दप्तरात त्या घरावर आपलंही नाव लागतं. प्रधानमंत्री आवास योजनेतलं घरकुलही बाईच्या किंवा दोघांच्या नावे मंजूर करायचं असा नियम आहे. विधुर, अविवाहित अशा काही जणांना तेवढी सूट आहे.

मार्गशीर्षात म्हसवडच्या सिद्धनाथाच्या रथाला वहिनींचा नवरा गावी आला. चार दिवस वहिनींनी विषय काढला नाही. पाचव्या दिवशी त्याच्या ताटात भाकरी वाढता वाढता काढला. तो म्हणाला, "मग आधी का नाही सांगितलं?" दोघांनी जाऊन अर्ज दिला. पुढं नोंद झाली, उतारा आला, आणि वहिनींनी तो बैठकीत सगळ्यांच्या हातून फिरवला. घडी पडू नये म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आणला होता.

हे सगळं त्या १० मिनिटांत निघालं. कर्जाच्या वहीत "घरदुरुस्ती" एवढाच शब्द होता. त्याच्यामागं खोली होती, शेळ्या होत्या, आणि बाईची धास्ती होती. विचारलं नसतं तर "तेच आपलं" म्हणून ती उठून गेली असती.

तर पुढच्या बैठकीत एवढं करा. हिशेब झाला की वही मिटा आणि गोल बसा. एकीनं बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. सल्ला मागितला तरच द्यायचा. सासू-सुनेच्या कागाळ्या नकोत, आणि तिथं ऐकलेलं पाणवठ्यावर न्यायचं नाही. जिला बोलावंसं वाटत नाही तिला आग्रह नको. पण तिची पाळी पुढच्या वेळी पुन्हा येऊ द्या. आमच्या वहिनींची पाळी सहा वेळा नुसती गेली, तेव्हा कुठं सातव्याला त्या बोलल्या.

येते मग. बैठकीत भेटू. राम राम!