आफ्रिकेला निघताना : आधी लस, मग बॅग



गेल्या वर्षी आपल्या हजीऱ्याहून आम्ही सहा जोडपी केनिया-टांझानियाला जाऊन आलो. ठरली होती सात. एका काकांनी पैसे भरून झाल्यावर यलो फीव्हरच्या लशीची चौकशी केली. साठीपुढचे वय, त्यात प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे चालू. डॉक्टरांनी लस द्यायला नकार दिला. काका-काकू घरीच राहिले. जीपमधल्या त्या दोन रिकाम्या जागा आम्हाला शेवटपर्यंत टोचत होत्या.

म्हणून पैसे भरण्याआधी डॉक्टरांना विचारा. लस सरकारमान्य केंद्रातच मिळते आणि प्रवासाच्या किमान 10 दिवस आधी घ्यावी लागते. तिचे पिवळे कार्ड जपा. ते नसेल तर परतताना विमानतळावरच अडवतात, 6 दिवसांपर्यंत वेगळे ठेवतात. मलेरियाच्या गोळ्या घरी आल्यावरही सांगितलेले दिवस पुऱ्या करा.

बाकी सामान थोडके. केनियात 2017 पासून प्लास्टिकच्या पिशव्यांना बंदी आहे. चिवडा, थेपले डब्यात भरा. गडद निळे-काळे कपडे नकोत, त्से-त्से माश्या त्यांकडे धावतात. आणि स्वेटर! हजीऱ्याच्या उकाड्यात मुरलेल्या आम्हाला जुलैच्या पहाटे मसाई मारात हुडहुडी भरली. दुर्बीण जोडप्याला एक पुरत नाही, हा अनुभव!

पावसाळ्यानंतर 16 ऑक्टोबरला गीर उघडेल. तेव्हा काका-काकूंना घेऊन आम्ही तिकडे निघणार. सिंह तिथेही आहेत, आणि लस लागत नाही.

गणपती बाप्पा मोरया!