कन्यादान की सप्तपदी?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरातील भाषण)



लग्नविधी हा विषय राजकीय कार्यकर्त्यांच्या शिबिरात कशासाठी, असा प्रश्न काहींच्या मनात आला असेल. जमीन, मजुरी, दुष्काळ हे आपले विषय. अक्षता-मुंडावळ्या हा बायकांचा आणि भटजींचा विषय, अशी एक सोयीस्कर वाटणी आपण करून ठेवली आहे. परंतु कोरडवाहू शेतकरी सावकाराचे दार ठोठावतो, तो पुष्कळदा बियाण्यासाठी नव्हे, तर मुलीच्या लग्नासाठी. आणि स्त्रीचे घरातील स्थानही लग्नमंडपातच ठरते. या विषयाला बगल देऊन समतेची भाषा करता येणार नाही.

आपल्याकडील विधी बारकाईने पाहा. सीमांतपूजनात वधूपिता वराचे पाय धुतो. कन्यादानात पाणी सोडून मुलगी वराच्या स्वाधीन करतो. शेवटी झालीच्या वेळी दिवे लावलेली वेळूची टोपली सासरच्या वडीलधाऱ्यांच्या मस्तकी ठेवून मुलगी त्यांच्या पदरात घालतो. दान म्हटले की देणारा आला, घेणारा आला आणि दिली जाणारी वस्तूही आली. गाय, जमीन, सोने यांच्या पंक्तीला मुलगी जाऊन बसते. दान दक्षिणेवाचून पुरे होत नाही, या समजुतीतून वरदक्षिणेला मान मिळाला आणि तिच्या आडोशाने हुंडा प्रतिष्ठित झाला. हुंडाबंदीचा कायदा १९६१ साली झाला. तेव्हापासून ‘हुंडा नको, फक्त लग्न थाटात करून द्या’ ही भाषा आली. शब्द बदलला, व्यवहार तोच राहिला.

पण त्याच मंडपात आणखी एक विधी होतो. होमानंतर वधूवर सात पावले चालतात. अन्न, बळ, धन, सुख, संतती आणि ऋतू यांसाठी सहा पावले पडतात. सातवे पाऊल सख्याचे. सातव्या पावलावर वधू ही सखी होते. येथे कोणी कोणाला देत नाही. दोघे बरोबर चालतात. एकाच मंडपात मुलगी घटकाभरापूर्वी दानाची वस्तू असते आणि घटकाभराने सखी होते. मंत्र संस्कृतात असल्यामुळे ही विसंगती कोणाच्या कानी पडत नाही, आणि फोटोवाल्याच्या घाईत सातवे पाऊल केव्हा पडले हेही कळत नाही.

कायद्याने मात्र यातील निवड केली आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या सातव्या कलमानुसार विवाह कोणत्याही एका पक्षाच्या रूढ विधींनी लावता येतो. त्या विधींत सप्तपदी असेल, तर सातव्या पावलाशी तो पूर्ण होतो. कन्यादानाचा तेथे उल्लेखही नाही. हिंदू विवाहासाठी कन्यादान आवश्यक नाही, असे अलाहाबाद उच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये स्पष्ट म्हटले. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की विधीच झाला नसेल तर नुसत्या नोंदणीच्या कागदाने हिंदू विवाह सिद्ध होत नाही. म्हणून ज्यांना कोणताच धार्मिक विधी नको, त्यांनी १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली रीतसर तीस दिवसांची नोटीस देऊन लग्न करावे. उत्साहाच्या भरात मुलीचा कायदेशीर हक्क धोक्यात घालू नये.

महाराष्ट्राला हा विचार नवा नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात पुरोहितावाचून पहिला सत्यशोधक विवाह लागला. जोतीरावांनी रचलेल्या मंगलाष्टकांत वधू स्वतः बोलते आणि स्त्रियांचे हक्क मान्य करण्याची शपथ वराकडून मागते. जुन्नर तालुक्यातील ओतूरला अशा लग्नावरून दक्षिणेचा वाद न्यायालयात गेला. तो मुंबई उच्च न्यायालयापर्यंत लढवला गेला आणि पुरोहिताचा दावा टिकला नाही. आज त्या वारशाचे आपण जयंतीला स्मरण करतो, आणि घरच्या लग्नात पत्रिका घेऊन मुहूर्त काढायला जातो.

आपल्या आयाबायांची हळद, जात्यावरच्या ओव्या, रुखवत, उखाणे, कानपिळीची थट्टा यांच्याशी आपले भांडण नाही. त्यांत माणसांचा ओलावा आहे. भांडण आहे ते देण्याघेण्याशी. म्हणून कार्यक्रम साधा ठेवू. वराने पाय धुवून घेऊ नयेत. कन्यादान वगळावे. सप्तपदी घ्यायची तर मराठीत घ्यावी, दोघांनी मोठ्याने म्हणावी. खर्च दोन्ही घरांनी निम्मा-निम्मा उचलावा आणि कर्ज काढून कोणी लग्न करू नये.

हा ठराव सभेत हात वर करून मंजूर होण्यासारखा नाही. त्याची परीक्षा आपल्या मुलाच्या लग्नाची बैठक बसेल तेव्हा होईल. मुलीचा बाप संकोचाने विचारील, ‘आपली अपेक्षा काय?’ त्या वेळी वरपक्षाकडे बसलेल्या साथीने काय उत्तर द्यायचे, ते त्याने आजच ठरवून घरी जावे.