आधी हात, मग अक्षर

(न्यासाच्या बालवर्गाच्या पालक मेळाव्यात केलेले भाषण)



न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात बालवर्गाविषयी दोन शब्द बोलण्याची मला आज्ञा झाली. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर व व्यवसायाने कापडाचा व्यापारी. शिक्षणशास्त्राचा माझा अभ्यास नाही. तथापि या विषयात एक चूक मी स्वतः केली आहे. ती सांगितल्याने कोणाचे मूल वाचेल, म्हणून उभा आहे.

माझा थोरला मुलगा तीन वर्षांचा असताना, रात्री दुकान वाढवून घरी आलो की मी त्याला पाटी देऊन अक्षरे गिरवायला बसवीत असे. त्याची बोटे वळत नसत. मी रागावत असे, तो रडत असे. पुढे कित्येक वर्षे वही उघडली की त्याचा चेहरा उतरे. मनगटातील आठ छोटी हाडे जन्मतः कूर्चेच्या रूपात असतात व वर्षानुवर्षे हळूहळू टणक होतात, हे मला फार उशिरा कळले. जे मनगट अजून घडत होते, त्याच्याकडे मी वळणदार अक्षर मागत होतो.

माझे स्वतःचे शिक्षण मात्र निराळ्या रीतीने सुरू झाले होते. वडिलांच्या दुकानात गादीच्या कडेला बसून मी कटपीस निवडीत असे. सुती एकीकडे, लोकरी दुसरीकडे. मोठा तुकडा खाली, लहान वर. चिमटीत धरून पोत ओळखायचा, घडीला घडी जुळवायची. मला तो खेळ वाटे. पण वर्गवारी, क्रम आणि मोजणी यांचा पहिला धडा तोच होता. बी. कॉम. ला खातेवही हाती आली तेव्हा त्यात मला परके असे काही वाटले नाही.

हा विचार महाराष्ट्रात थोर व्यक्तींनी प्रत्यक्ष आचरणात आणला आहे. विवाहानंतर काही काळ आपल्या शेजारच्या अमरावतीत राहिलेल्या पद्मभूषण ताराबाई मोडक यांनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासमवेत बालशिक्षणाचे कार्य केले. १९४५ साली त्यांनी बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले व अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ पासून हे कार्य डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी बालकांसाठी चालू झाले. माँटेसरी पद्धतीची महागडी साधने तेथे परवडणारी नव्हती. या दोघींनी शिंपले, खडे, पाने, बिया यांचीच साधने केली. मूल शाळेत येत नसेल तर शाळा त्याच्या अंगणात नेली.

बंधू-भगिनींनो, आदिनाथ भगवंतांनी असि, मसि, कृषी, विद्या, वाणिज्य आणि शिल्प ही सहा कर्मे शिकविली, असे आपली परंपरा सांगते. आपल्या समाजाने वाणिज्य सांभाळले, विद्येलाही मान दिला. शिल्प मात्र आपण कारागिरांवर सोपवून मोकळे झालो. म्हणूनच मूल मातीत हात घालताना दिसले की आपल्याला वेळ वाया गेल्यासारखे वाटते.

वास्तविक या शिक्षणास खर्च नाही. आपला जिल्हा कापसाचा. मुठभर कापसातून सरकी वेचू द्या. त्याच चिमटीत पुढे पेन्सिल बसते. तूर, हरभरा, मूग एकत्र करून निवडायला द्या. कणकेचा गोळा मळू द्या, कागदाची होडी करू द्या, बोथट टोकाच्या कात्रीने चिंधी कापू द्या. एवढी दक्षता घ्यावी की मोठे माणूस जवळ असावे व तीन वर्षांखालील मुलाच्या हाती दाणे-मणी देऊ नयेत. ते तोंडात, नाकात जातात. आणि मुलाची घडी वाकडी झाली तर ती आपण सरळ करू नये. पुढची घडी तो स्वतःच नीट घालतो.

बालवर्गात रोज लेखी गृहपाठ द्यावा आणि हस्तकामाचा तास बंद करावा, अशी काही पालकांची सूचना आहे. आपले मूल मागे पडेल, ही त्यांची काळजी मी जाणतो. तीच काळजी मलाही होती. परंतु २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही तीन ते आठ वर्षांचा टप्पा पायाभूत मानून खेळ व कृतीतून शिक्षणावर भर दिला आहे. म्हणून विश्वस्त मंडळास माझी नम्र विनंती आहे की हा तास बंद करू नये. त्यासाठी लागणारे कापडाचे तुकडे, रेशीम वगळून, माझ्या दुकानातून दरमहा पोहोचतील.

आज माझी नात या बालवर्गात आहे. घरी तिच्यापुढे मी अद्याप पाटी ठेवलेली नाही. काल तिने दोन चिंध्यांना गाठ मारून बाहुली केली आणि ती आपल्या वडिलांच्या हाती दिली. तो वडील म्हणजे माझा तोच थोरला मुलगा. त्याने ती बाहुली गल्ल्याशेजारी ठेवली आहे.