बोअर आपली, पाणी कुणाचं?
(रौप्यमहोत्सवी समारंभातील भाषण)



सेक्रेटरींनी मला "पर्यावरणावर पाच मिनिटं बोला" असं सांगितलंय. पर्यावरण हा विषय फार मोठा. मी आपल्या बोअरच्या पाण्यावर बोलतो, कारण मार्चपासून जिन्यात, लिफ्टमध्ये, सगळीकडे तोच विषय असतो.

आपल्या पायाखाली काळा कातळ आहे, बेसाल्ट. त्यात पाणी तळ्यासारखं साठत नाही. वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांमध्ये राहतं. पावसाळ्यात भरतं, उन्हाळ्यात उतरतं. शेजारच्या सोसायटीची बोअरही त्याच भेगांतून पाणी ओढत असू शकते. म्हणजे पंप आपला, वीजबिल आपलं, पाणी मात्र सगळ्यांचं. असं पाणी वाटायचं कसं, याचं एक उत्तर पुणे जिल्ह्यातच, पुरंदर तालुक्यातल्या नायगावात शोधलं गेलं.

१९७२ चा दुष्काळ इथल्या आजी-आजोबांना आठवत असेल. सुकडी, मिलो, खडी फोडायची कामं. तो दुष्काळ पाहून पुण्यातले इंजिनियर-उद्योजक विलासराव साळुंखे नायगावात गेले. देवस्थानची पडीक जमीन भाडेपट्ट्याने घेतली, बांध घातले, पाझर तलाव केला, विहीर खोदली. इथपर्यंतचं काम इतरांनीही केलंय. खरी गोष्ट वाटपाची. त्यांच्या पाणी पंचायतीत पाण्याचा वाटा जमिनीवर ठरत नसे, माणसावर ठरे. माणशी अर्धा एकर भिजेल एवढं पाणी, आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचं. वीस एकरवाल्यालाही तेवढंच. भूमिहीनालाही वाटा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नसे. योजनेच्या खर्चातले २० टक्के लोकांनी स्वतः भरायचे, पाणी सोडणारा पाटकरी गटानेच नेमायचा. आणि ऊस लावायचा नाही! मला ही शेवटची अट सगळ्यात धाडसी वाटते. आपल्याकडे ऊस म्हणजे नुसतं पीक नाही, ती प्रतिष्ठा आहे.

नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारचं नाव तुम्ही ऐकलंच असेल. पोपटराव पवारांच्या त्या गावात शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी आहे. दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडतात: आधी माणसं-जनावरं, मग उरलेल्या पाण्यात बसतील ती पिकं. पाऊस कमी, तर पीकही कमी पाण्याचं.

सरकार काय करतं, असं कुणीतरी विचारणारच. भूजलाचा कायदा आहे, १९९३ चा आणि मग २००९ चा. भूजल सर्वेक्षण यंत्रणा राज्यभर निरीक्षण विहिरींच्या पातळ्या मोजते. पण प्रत्येक बोअरशेजारी इन्स्पेक्टर खुर्ची टाकून बसू शकत नाही. तिथे गावच लागतं. किंवा सोसायटी.

आता आपलं बघू. आदर्श उपविधींप्रमाणे पाण्याचा आकार फ्लॅटमधल्या नळजोडांची संख्या आणि आकार यांवर लागतो. म्हणजे मोठ्या फ्लॅटमध्ये राहणारं म्हातारं जोडपं जास्त भरतं आणि लहान फ्लॅटमधले सहाजण कमी. नळ किती, यावरून वापर कळत नाही. नायगावच्या हिशेबाने माणशी ठरावीक पाणी सगळ्यांना एकाच दराने, आणि वरच्याला जास्त दर, असं करता येईल. पण माणसं कोण मोजणार? पाहुणे, भाडेकरू, बाळंतपणाला आलेली लेक? भांडणं होतील. फ्लॅटला मीटर लावावं तर आपल्या जुन्या बिल्डिंगमध्ये स्वयंपाकघर, बाथरूम, संडास, सगळ्यांच्या लाइनी वेगवेगळ्या उतरतात. एका मीटरने भागत नाही, आणि खर्चही मोठा.

म्हणून माझी मागणी लहान आहे. बोअरच्या पाइपला एक मीटर बसवायचं. महिन्यातून एकदा पंप रात्रभर बंद ठेवून सकाळी बोअरमधली पाण्याची पातळी मोजायची. किती उपसलं, पातळी किती उतरली, टँकर किती आले, हे तीन आकडे नोटीस बोर्डावर लावायचे. वर्षभर. दर कसा लावायचा ते आकडे हातात आल्यावर भांडू. शेजारच्या दोन सोसायट्यांनाही हेच करायला सांगू, कारण आपण एकट्यांनी वाचवलेलं पाणी त्यांच्या पंपातून जाईल.

येत्या सर्वसाधारण सभेसाठी मी हा ठराव लेखी देतोय. अनुमोदक हवा आहे. जेवणाच्या रांगेत भेटा.